नागपूरचा उन्हाळा आणि रोजच्या गोळ्या: नव्यानं औषधं सुरू झालेल्यांसाठी

होळी आटोपली की माझ्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "दादा, ह्या गोळ्या फ्रिजमध्ये ठेवू का जी?" प्रश्न चांगला आहे, पण अर्धाच आहे. गोळी उन्हात टिकेल का याची सगळ्यांना काळजी असते. ती गोळी घेणारा माणूस उन्हात कसा टिकेल, हे फारसं कोणी विचारत नाही.

नागपूरच्या महाल भागातल्या औषधांच्या दुकानात बसून मला वीसेक उन्हाळे झाले. दरवर्षी एप्रिलच्या मध्यापासून तेच चेहरे वेगळ्या तक्रारी घेऊन येतात. कोणाला उभं राहिलं की भोवळ येते, कोणाची शुगर अचानक खाली जाते, कोणाच्या आईची बडबड सुरू होते. चिठ्ठी पाहिली तर जानेवारीतली, एक अक्षर बदललेलं नाही. बदललेला असतो तो फक्त महिना. हा लेख त्या लोकांसाठी, ज्यांना बीपी, शुगर, हृदय, मन किंवा फिट्स यांसाठी गेल्या वर्षभरात रोजची औषधं सुरू झाली आहेत. आणि त्यांच्यासाठीही, जे पुण्या-मुंबईहून बदली होऊन इथे आले आहेत आणि ज्यांना वाटतं की ऊन म्हणजे ऊन, त्यात काय एवढं.

तर त्यात बरंच काही आहे. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ च्या आसपास असतोच, वाईट दिवशी ४५ च्या पुढे जातो, आणि २३ मे २०१३ ला तो ४७.९ पर्यंत गेला होता. (मे २०२४ च्या अखेरीस ५६ अंशांची बातमी देशभर फिरली, पण तो यंत्राचा बिघाड होता. नागपूरकरांना मात्र तो आकडा फारसा खोटा वाटला नाही.) त्यातही २५ मेपासून सुरू होणारा नऊ दिवसांचा नवतपा म्हणजे परीक्षेचा काळ.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्या. खाली जे लिहिलं आहे ते वाचून कोणतीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही आणि अर्धीही करायची नाही. हे वाचून डॉक्टरांकडे नेमके प्रश्न घेऊन जायचं, एवढंच.

आधी पिशवी उलटी करा

गुढीपाडव्याच्या आसपास एक संध्याकाळ काढा. घरातली औषधांची पिशवी, फ्रिजच्या दारातल्या बाटल्या, उशाखालचे गोळ्यांचे पत्ते, पर्समधली डोकेदुखीची गोळी, सगळं एका चटईवर मांडा. पत्त्यावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं दिलेलं नाव, खाली बारीक अक्षरात असतं ते औषधाचं खरं नाव. वहीत खरं नाव उतरवायचं. हे केलं की निम्म्या घरांमध्ये एक तरी गंमत सापडते: हृदयाच्या डॉक्टरांनी एका नावानं दिलेली आणि फॅमिली डॉक्टरांनी दुसऱ्या नावानं दिलेली गोळी एकच निघते, आणि आजोबा दोन्ही घेत असतात.

बीपीच्या गोळीच्या नावामागे 'एच' असेल तर तिच्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं असतं, 'एएम' असेल तर अ‍ॅम्लोडिपिन. आपण एकच गोळी घेतो असं वाटतं, पण पोटात दोन औषधं जात असतात. यातलं 'एच' उन्हाळ्यात महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे येतोच.

चिठ्ठीशिवाय घेतलेलंही लिहा. अंगदुखीची, सर्दीची, झोपेची, शेजारच्या काकूंनी दिलेली, सगळी. डॉक्टरांना नेमकं हेच माहीत नसतं.

कोणती गोळी उन्हात काय करते

शरीर थंड राहण्यासाठी ढोबळमानानं तीन कामं करतं. घाम गाळतं, कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, आणि तहान लावून व लघवी कमी करून पाणी राखतं. आपली बरीचशी नेहमीची औषधं यातल्या कुठल्या ना कुठल्या कामात हात घालतात. ती वाईट आहेत असं नाही, उलट त्यांच्यामुळेच माणूस जगतो. पण ४४ अंशांत हिशेब बदलतो.

सगळ्यात आधी पाण्याची गोळी. फुरोसेमाइड, टॉरसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, ही सगळी लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढतात. हिवाळ्यात तेच हवं असतं. मे महिन्यात घामही तेच करत असतो, त्यामुळे शरीरावर दुप्पट उपसा होतो. शिवाय उष्णतेनं रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणून बऱ्याच जणांचं बीपी उन्हाळ्यात तसंही थोडं उतरतं. मग पहाटे बाथरूमला उठलेला माणूस तोल जाऊन पडतो आणि खुब्याचं हाड मोडून घेतो.

माझ्या वडिलांचं काही वर्षांपूर्वी असंच झालं, फक्त ते पडले नाहीत. मे महिना होता. दोन दिवस ते माझ्या आईला तिच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारत होते. आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी त्यांना स्वतःची चप्पल ओळखू येईना. रक्ततपासणीत सोडियम ११९ निघालं. असायला हवं १३५ ते १४५. त्यांच्या गोळीतल्या 'एच'नं मीठ बाहेर काढलं होतं, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आई जेवणातही मीठ घालत नव्हती. वरून "उन्हाळा आहे, पाणी प्या" म्हणून आम्ही त्यांना दिवसभर साधं पाणी पाजत होतो, म्हणजे उरलंसुरलं मीठही पातळ करत होतो. औषधांच्या दुकानात बसणारा माणूस मी, आणि घरातलं मला दिसलं नाही. म्हातारं माणूस उन्हाळ्यात अचानक गोंधळलं, सुस्तावलं, अडखळायला लागलं, तर "वय झालं" म्हणण्याआधी सोडियम तपासून घ्या.

दुसरी जोडी रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्यांची. बीपी, मधुमेह आणि हृदय तिन्हींत त्या उत्तम काम करतात आणि एरवी मूत्रपिंडाला जपतात. पण शरीर कोरडं पडलं की मूत्रपिंडातला दाब राखण्याची शेवटची किल्ली त्या सैल करून ठेवतात. त्यात पाण्याची गोळी, आणि वर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक अशी एखादी अंगदुखीची गोळी, असं त्रिकूट जमलं की मूत्रपिंड दोन-तीन दिवसांत बसू शकतं. हे त्रिकूट कधी जमतं ठाऊक आहे? लगीनसराईत. रात्रभर वरातीत चालणं, दुपारी मांडवात घाम, जेवणाची हेळसांड, आणि गुडघा दुखतो म्हणून सकाळ-संध्याकाळ एक-एक गोळी. बीपीची औषधं चालू असलेल्यांनी दुखण्यासाठी आधी पॅरासिटामॉल विचारावी, आणि दुकानदाराला "बीपीची गोळी चालू आहे" हे न विचारता सांगावं.

अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारख्या गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे कातडीकडे रक्त नेण्याची ताकद कमी होते. दुपारी चढणावर धाप लागली तर ती फक्त उन्हाची नसू शकते.

आता घाम अडवणारी औषधं. यांची यादी लोकांना चकित करते. थरथर कमी करायला दिलेली ट्रायहेक्सीफेनिडिल, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलीन, वारंवार लघवी होते म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, मानसिक आजारातली क्लोरप्रोमाझिन, ओलांझापिन, आणि चक्क सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन. यांनी घाम कमी होतो, तोंड कोरडं पडतं, आणि काहींमुळे शरीराचा थर्मोस्टॅटही मंदावतो. माणूस तापतो, पण कपाळ कोरडंच राहतं. फिट्ससाठी किंवा अर्धशिशीसाठी टोपिरामेट चालू असलेल्या लहान मुलांकडे खास लक्ष द्या. मूल खेळून आलं, लालबुंद झालंय आणि घामाचा थेंब नाही, तर लगेच सावलीत घ्या, अंग ओलं करा आणि डॉक्टरांना कळवा. मानसिक आजाराची औषधं उन्हामुळे बंद करायची नाहीत, हे मात्र मी दोनदा सांगेन. आजार उलटला तर तो उन्हापेक्षा महागात पडतो.

लिथियम या मानसिक आजारातल्या गोळीसाठी वेगळा परिच्छेद लागतो. लिथियम आणि मीठ यांना मूत्रपिंड जवळजवळ एकाच नजरेनं पाहतं. घामातून मीठ गेलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला लागतं आणि त्याबरोबर लिथियमही. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मध्ये असावी, १.५ च्या वर विषबाधा सुरू होऊ शकते. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, चालताना झोकांड्या, जीभ जड होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उन्हाळ्यात मीठ एकदम सोडू नका, उपासाचे प्रयोग करू नका, आणि अंगदुखीच्या गोळ्यांपासून तर दूरच राहा, कारण त्याही लिथियमची पातळी वाढवतात. एप्रिलमध्ये एकदा पातळीची तपासणी करून घेतलेली बरी.

शुगरच्या गोळ्यांमध्ये सगळ्या सारख्या नाहीत. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन ही औषधं जेवण झालं आहे असं धरून चालतात. उन्हाळ्यात दुपारी जेवण जात नाही, दोन घास खाऊन माणूस ताक पिऊन आडवा होतो, आणि चार वाजता शुगर ६० वर. गरम कातडीत इन्सुलिन भरभर शोषलं जातं, म्हणून तोच डोस जास्त जोरात लागू शकतो. फसवणूक अशी की घाम, धडधड, थकवा ही शुगर उतरल्याची लक्षणं आणि उन्हानं थकल्याची लक्षणं सारखीच दिसतात. शंका आली की मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी परत मोजा, चढली नसेल तर परत तेच, आणि मग काहीतरी खा. मोजायचं यंत्रही नखरे करतं. अनेक ग्लुकोमीटर साधारण ४० अंशांपर्यंतच चालतात. आपल्याकडे गच्चीवरच्या खोलीत ते सरळ हात वर करतात. यंत्र आणि पट्ट्या घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा, आणि पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि साखरेबरोबर पाणीही जातं. जननेंद्रियाजवळ खाज, बुरशी याही तक्रारी या दिवसांत वाढतात. कोणी लाजून सांगत नाही, पण सांगावं. उपाय सोपा असतो.

छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी खाली बसूनच घ्यायची. तिनं बीपी उतरतं, उन्हानं ते आधीच उतरलेलं असतं, आणि उभ्यानं घेतली तर माणूस कोसळतो. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर वाट पाहू नका, दवाखाना.

मुरुमांसाठी किंवा तापासाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर अंग झाका. तिनं कातडी उन्हाला हळवी होते. तसाही नागपुरात मे महिन्यात उघड्या तोंडानं गाडी चालवणारा माणूस नवीन आलेलाच असतो.

डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं

चैत्रातच जाऊन या. मेडिकल, मेयो, एम्स ही मोठी सरकारी रुग्णालयं असोत की गल्लीतला फॅमिली डॉक्टर, मे महिन्याच्या दुपारी रांगेत उभं राहण्यापेक्षा मार्चची सकाळ बरी. बरोबर ती वही न्या, आणि आठवडाभराचं बीपी लिहून न्या. बीपी मोजताना एक युक्ती करा: आधी पाच मिनिटं बसून मोजा, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटानं. वरचा आकडा उभं राहिल्यावर २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर तो कागद डॉक्टरांसमोर आधी ठेवा.

मग विचारा: उन्हाळ्यापुरता यातल्या कोणत्या गोळीचा डोस कमी करायचा आहे का? दिवसभरात मी किती पाणी पिऊ, ग्लासात सांगा. उलट्या-जुलाब झाले किंवा खाणंपिणं बंद पडलं तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या आणि कोणत्या काहीही झालं तरी घ्यायच्या? क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), सोडियम, पोटॅशियम तपासून घेऊ का? उत्तरं चिठ्ठीवरच लिहून मागा. डॉक्टर घाईत असतात, पण नेमका प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक जण नेमकं उत्तर देतात. "साहेब, उन्हाळ्यात काय काळजी घेऊ?" असं मोघम विचारलं तर "पाणी प्या" एवढंच मिळतं.

औषध ठेवायचं कुठे

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. बहुतेक गोळ्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नसतात. फ्रिजमधून काढून गरम हवेत आणल्या की त्यांना ओल धरते, आणि बऱ्याच गोळ्यांचं उन्हाइतकंच ओलीशी वाकडं आहे. पत्त्यावर "३० अंशांखाली" किंवा "२५ अंशांखाली" असं लिहिलेलं असतं. कूलरच्या खोलीत, भिंतीतल्या आतल्या कपाटात, जमिनीच्या जवळच्या खणात ठेवलं की काम भागतं; गरम हवा वर जाते, म्हणून माळा आणि कपाटाचा वरचा कप्पा नको. पण कूलरच्या थेट झोतातही नको, तिथे दमटपणा असतो. स्वयंपाकघर नको, न्हाणीघर नको, टीव्हीच्या वर तर नकोच.

गाडीत अजिबात नको. उन्हात उभ्या केलेल्या बंद कारमध्ये अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंश जास्त होतात. म्हणजे ४४ चे ६० समजा. स्कूटरची डिकीही त्याच जातीची. दम्याचा पंप दाबाखालच्या गॅसचा असतो, तो तिथे फुटूही शकतो. कॅप्सुला एकमेकांना चिकटल्या, गुदद्वारातून द्यायच्या वड्या पाघळल्या, की समजायचं काय झालं ते. अ‍ॅस्पिरिनच्या बाटलीला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती मोडली आहे, टाकून द्या.

थायरॉइडची गोळी नाजूक असते. ऊन, उजेड आणि ओल तिन्हींनी तिचा जोर उतरतो. ती तिच्याच बाटलीत ठेवा, आठवड्याच्या प्लास्टिकच्या डबीत महिनोन्महिने काढून ठेवू नका. गोळी वेळेवर घेऊनही उन्हाळ्यानंतर थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच वाढलेलं आलं तर डोसाबरोबर बाटली कुठे होती तेही डॉक्टरांना सांगा. काचबिंदूचे लॅटॅनोप्रॉस्टचे थेंब न उघडलेले असतील तर फ्रिजमध्येच, तेवढा अपवाद.

आणि इन्सुलिन. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या खणात किंवा दारात. बर्फाच्या कप्प्याजवळ कधीच नाही; एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी ते फेकायचं. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे २५ ते ३० अंशांत चालतं. पेटीवरच्या कागदावर त्या प्रकारासाठी किती दिवस लिहिले आहेत ते पाहा. पण मे महिन्यात ३० अंश आणायचे कुठून?

माठातून. फ्रिज नसलेल्या, किंवा दिवसभर लाइन जात असलेल्या घरासाठी हाच उत्तम उपाय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. एक मोठं मडकं घ्या, त्यात वाळू भरा, वाळूत एक लहान मडकं बसवा, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करा. इन्सुलिन एका कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. सावली हवी आणि वारा हवा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. आपला कूलर आणि वाळ्याच्या टट्ट्या हेच करतात, आणि आपली कोरडी हवा त्यासाठी अगदी मनासारखी आहे. जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी केनियातल्या दगाहले निर्वासित छावणीतलं तापमान मोजून, तसंच २५ ते ३७ अंशांत वरखाली होणारं तापमान प्रयोगशाळेत इन्सुलिनला चार आठवडे दिलं, आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापला: इन्सुलिनचा जोर टिकला. म्हणून दुपारी थोडा वेळ माठ ३५ पर्यंत गेला तरी घाबरून बाटली फेकू नका, पण आत एक साधा थर्मामीटर ठेवा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रोज डोळ्यांनी पाहा. जे स्वच्छ दिसायला हवं ते गढूळ झालं, किंवा जे दुधासारखं असायला हवं त्यात गुठळ्या दिसल्या, तर ती बाटली गेली.

गावाला जाताना बाटली बर्फाला टेकवू नका. बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळा, मध्ये नॅपकिन, मग बाटली.

पाणी, पण सगळ्यांना सारखं नाही

धडधाकट माणसाला तहान लागायच्या आत पाणी, ताक, पन्हं, आंबील, सगळं चालतं. पण हृदयाची ताकद कमी झालेल्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते, आणि उन्हाळ्यात ती वाढवायची की नाही हे तेच ठरवतील. घरी एक वजनकाटा ठेवा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायावर सूज आली, तर पाणी साठतंय. वजन उतरत चाललंय, भोवळ येतेय, तर अंग कोरडं पडतंय. दोन्हीत फोन करायचा.

रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल आणि मूत्रपिंड कमजोर असेल, तर नारळपाणी, संत्र्या-मोसंबीचा रस, केळी यांचा मारा नको. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय थेट अडखळतं. मृग बहराची संत्री मार्चपर्यंत घरात असतात आणि नागपूरकराला संत्र्याचा मोह टाळा म्हणणं अवघड आहे, हे मला कळतं. एखाद-दुसऱ्याबद्दल डॉक्टरांना विचारा, ग्लासभर रसाबद्दल नको. "लो सोडियम" म्हणून विकतात त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. बीपीसाठी चांगलं म्हणून नेणाऱ्या चारांपैकी एकाला तरी मी ते परत ठेवायला सांगतो.

ओआरएस म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायची मीठ-साखरेची पूड. तिचं २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट असं अंदाजपंचे करू नका, त्यानं मीठ जास्त होतं. खोक्यातली गोड पेयं ओआरएस नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेनं खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरायला बंदी घातली ती यासाठीच. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला असं लिहिलेलं पाहून घ्या. मधुमेह्यांनाही जुलाबात हेच द्यायचं, त्यातल्या साखरेला भिऊन टाळायचं नाही.

लघवीचा रंग पाहून पाणी कमी पडतंय का ते कळतं, असं सगळे सांगतात. खरंय, पण टीबीचं रिफॅम्पिसिन घेणाऱ्याची लघवी केशरी होतेच, आणि बी-कॉम्प्लेक्स घेणाऱ्याची हळदीसारखी. त्यांनी रंगावर जाऊ नये, दिवसभरात किती वेळा आणि किती झाली ते पाहावं.

उलट्या-जुलाबाचा दिवस

लग्नाच्या जेवणानंतरचा दुसरा दिवस. पोट बिघडलंय, काही टिकत नाही. अशा दिवशी शुगरची मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या, रामिप्रिल-टेल्मिसार्टन, पाण्याच्या गोळ्या आणि अंगदुखीच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायला डॉक्टर सहसा सांगतात, आणि खाणंपिणं नीट सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की परत सुरू करायला. ग्लिमेपिराइडही खाणं नसताना धोक्याची. पण तुमच्या चिठ्ठीत काय लिहिलं आहे ते महत्त्वाचं; हृदयाच्या रुग्णाला वेगळं सांगितलेलं असू शकतं. म्हणून तर मार्चमध्ये विचारून ठेवायचं. त्या दिवशी आठवलं नाही तर फोन करा.

टाइप एकच्या मधुमेहात इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचं नाही. जेवण नाही म्हणून सुई नाही, हा हिशेब तिथे जीव घेतो. आणि डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याला उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास होत असेल तर शुगर २०० च्या आत दिसली तरी निर्धास्त राहू नका. या गोळ्यांत शुगर फारशी न वाढताही रक्त आंबू शकतं. रक्त आंबवणारे कीटोन तपासायला सांगा.

फिट्सच्या, हृदयाच्या तालाच्या, रक्त पातळ करायच्या आणि स्टेरॉइडच्या गोळ्या उलटून पडत असतील तर संध्याकाळपर्यंत थांबू नका. यांचा एक दिवसही चुकवणं महाग पडतं.

ऊन लागलं तर

अंग भट्टीसारखं तापलंय, ४० च्या वर, आणि माणूस बरळतोय, झोकांड्या खातोय किंवा शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात. घाम असो वा नसो. कोरडी कातडी हवीच असं नाही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हात बांधून बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि जोरात वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ लावा. टबात बसवणं शक्य असेल तर त्याहून चांगलं. आधी थंड करायचं, मग न्यायचं.

पॅरासिटामॉल इथे उपयोगाची नाही. हा ताप नाही. मेंदूनं वाढवलेलं तापमान गोळीनं उतरतं, बाहेरून चढलेलं नाही. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. कांदा खिशात ठेवायला माझी हरकत नाही, पण त्यानं बेशुद्ध माणूस उठत नाही. दवाखान्यात ती वही बरोबर न्या. आतल्या डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत हवी असते ती माहिती तिच्यातच आहे.

मृग लागल्यावर

पहिला पाऊस पडला की लोक औषधं विसरतात. तेव्हाच परत एकदा डॉक्टरांकडे जायचं. उन्हाळ्यासाठी कमी केलेली बीपीची गोळी तशीच कमी राहिली तर ऑगस्टमध्ये आकडे चढतात, आणि बीपी चढलेलं कळतही नाही. हवा दमट झाली की वाळूचा माठ थंड होत नाही, कारण पाणी उडतच नाही. आतला थर्मामीटर रात्रंदिवस ३०-३२ वर अडकलेला दिसला की इन्सुलिनसाठी दुसरी सोय पाहा. आणि चार महिने त्या गरम कपाटात राहिलेले पत्ते एकदा काढून तारीख तपासा. डाग पडलेले, तुकडे झालेले, चिकटलेले असतील ते दुकानात घेऊन या. मी बघून सांगतो कोणते टाकायचे.